किती दिसांची ट्रिप

"कुनी ट्रिपला जातो म्हटला, का आधी इचारायचं, किती दिसांची," असं नीराबाईनं निवेदिताला बजावलं होतं, आणि निवेदिता हसली होती.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मागच्या दारी पायरीवर बसून मासळीवाली नीराबाई बोंबील साफ करत होती. बाजूला तिची पाटी, आणि पाटीत क्षिप्राचा लाकडी हत्ती. कारण दीड वर्षाच्या क्षिप्राला जे जे आवडायचं ते ते ती नीराबाईच्या पाटीत नेऊन ठेवायची. निवेदिता उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. शाळेच्या मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश निघायचा होता आणि त्यातले प्रवासाचे शब्द तिच्या वाट्याला आले होते. शब्द, त्याचा अर्थ, मग वापर. वापराची तीन वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य दहा शब्दांच्या आत. संपादक विनिताताई एक वेळ चुकलेला अर्थ पोटात घालतील, पण अकरावा शब्द नाही. त्या दिवशी पाळी 'ट्रिप'ची होती.

"मावशी, तुम्ही ट्रिप कशाला म्हणता?" निवेदितानं सहज विचारलं.

"कशाला म्हंजे? बोट जाते ती ट्रिप."

"पण तुमचा लेक धनेश हल्ली पर्यटकांना किल्ल्याच्या अंगानं फिरवून आणतो, त्यालाही ट्रिपच म्हणतो. आम्हीसुद्धा बसलो की परवा. वीस मिनिटांत परत."

"ती तुमची ट्रिप गो. भायेरच्या मानसांची." नीराबाईनं बोंबलाचं डोकं उडवलं. "आमची येगली. म्हून सांगतंय, इचारायचं, किती दिसांची."

"डिक्शनरीत स्पष्ट लिहिलंय, मावशी. छोटा प्रवास. जाऊन परत येणं."

"डिक्शनरीवाला कवा बोटीवर गेलता का?"

निवेदिता खळखळून हसली आणि तिनं लिहिलं, छोटा प्रवास. वाक्यं मग करू म्हणून तो शब्द तिनं पिवळा करून ठेवला. पिवळा म्हणजे अर्धा झालेला. तिचं बरंचसं आयुष्य त्या दिवसांत पिवळंच होतं.

निवेदिता मूळची साताऱ्याची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. लग्न होऊन रेवदंड्याच्या या माडा-पोफळीच्या वाडीत आली त्याला चार वर्षं झाली होती. नवरा अजेय सोमवार ते शुक्रवार मुंबईत. शुक्रवारी संध्याकाळी गेटवेहून बोटीनं मांडव्याला उतरायचा आणि तिथून घरी. सासू-सासरे यंदा लेकीकडे बडोद्याला. तेव्हा आठवड्याचे पाच दिवस एवढ्या मोठ्या वाडीत ती आणि क्षिप्रा, दोघीच.

आणि निवेदिताची नजर. त्या नजरेला क्षणाचीही सुट्टी नव्हती. विहिरीचा कठडा किती उंच आहे, माडाचा झाप सुटला तर नेमका कुठं पडेल, खाली पडलेली सुपारी लेकीच्या घशात अडकेल एवढी लहान आहे की नाही, हे सगळं तिला पाठ होतं. क्षिप्रा झोपली की तिच्या पोटावर हात ठेवून ती श्वास मोजायची. अजेय फोनवर म्हणायचा, "अगं, श्वास तिचा तिला घेता येतो. तू जरा झोप." ती 'हो' म्हणायची आणि पुन्हा मोजायला लागायची.

नीराबाई आली की मात्र ती नजर थोडी सैल पडायची. नीराबाईच्या हाताला मासळीचा वास होता, आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा होता, आणि तिनं एकदा क्षिप्राला उचललं की निवेदिता डोळे मिटून चहा पिऊ शकायची. पण मार्गशीर्षात नीराबाईचा गुडघा धरला आणि दारोदारच्या फेऱ्या थांबल्या. तिचं घर वाडीच्या मागं, खाडीच्या अंगाला, कोळीवाड्यापासून थोडं सुटं. निवेदिताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोफळींच्या फटीतून त्या घराची एकच खिडकी दिसायची, टपाल तिकिटाएवढी.

पौषातला सोमवार. सकाळी अंगणात इतकं धुकं उतरलं होतं की तुळशीवृंदावन तेवढं तरंगत होतं. क्षिप्राला रात्रीपासून कणकण होती, दाढ येत होती बहुधा. तिला खांद्यावर टाकून निवेदिता अंगणात येरझारा घालत होती, तेवढ्यात फाटकाशी धनेश दिसला. दिसला म्हणजे कमरेपासून वरचा दिसला. खालचा धनेश धुक्यात होता, आणि त्याच्या पायाशी काय ठेवलंय हेही धुक्यातच होतं.

"वैनी, ट्रिपला चाललोय."

"बरं."

"आई एकलीच हाय. हेतल एकदऱ्याला गेलीय ना मायेरी, नववा लागला तिला. तेवढं आईकडं बघाल?"

"हो हो. तू जा निवांत."

"तुमी हाव म्हून जिवाला घोर न्हाय," असं म्हणून तो वाकला, पायाशी असलेलं काहीतरी उचललं आणि वळला. धुक्यानं त्याला लगेच पोटात घेतलं. काय उचललं ते निवेदितानं पाहिलं नाही. ती क्षिप्राच्या कपाळाला गाल लावून ताप किती असेल याचा अंदाज घेत होती. इतक्या धुक्यात पर्यटक कुठून येणार, एवढं मात्र तिच्या मनात आलं, आणि आलं तसं गेलं. वीस मिनिटं. फार तर दोन फेऱ्या. जेवायला घरी.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिनं पाहिलं, तिकिटाएवढ्या खिडकीत दिवा लागला होता. आला धनेश, असं मनाशी म्हणून तिनं पेज ढवळायला घेतली.

मग मंगळवार आला, की बुधवार, हे तिला नंतर नीट सांगता येईना. तापल्या बाळाच्या घरात वार नसतात. दर चार तासांचं औषध असतं, दर तासाचं तापमान असतं, आणि मधे अशी एक जागा असते जी झोपही नव्हे आणि जागही नव्हे. त्या जागेत निवेदिता तीन दिवस राहिली. क्षिप्रा तिच्या छातीवर निजायची, दुपारचं ऊन पोफळींतून गाळून यायचं, आणि पिवळा राहिलेला तो शब्द खोलीभर फिरत राहायचा.

पहाटेचं दव झापांवरून पत्र्यावर पडायचं. टिप, टिप. अर्ध्या झोपेत तिला वाटायचं, टिप नव्हे, ट्रिप. ट्रिप, ट्रिप, ट्रिप. प्रत्येक थेंब आपापला छोटा प्रवास करून येतोय आणि परत मात्र एकही जात नाहीये. मग परत न जाणाऱ्या थेंबाला ट्रिप म्हणता येईल का? विनिताताईंना विचारलं पाहिजे, असं ठरवता ठरवता तिचा डोळा लागायचा.

रस्त्यावर मिनीडोर रिक्षा थांबायची. आत सहाच्या जागी नऊ माणसं, आणि ड्रायव्हर ओरडायचा, "चला अलिबाग, अलिबाग, चौथी ट्रिप!" तिला झोपेतच दिसायचं, तीच नऊ माणसं दिवसभर अलिबागला जाताहेत आणि येताहेत, उतरायचं विसरून. गुरुवारी दुपारी पंखा थांबला. तिनं वायरमनला फोन लावला, तर तो म्हणाला, "म्याडम, लाइन ट्रिप झालीय, येईल पंधरा मिन्टात." म्हणजे वीजसुद्धा ट्रिपला जाते! आणि मांडव्याची फेरी. फेरी हा शब्द मराठी की इंग्रजी यावरून तिचं आणि अजेयचं एकदा लटकं भांडण झालं होतं. अजेय म्हणायचा, ती बोट फेऱ्या मारते म्हणून फेरी; इंग्रजांनी आपल्याकडून नेला तो शब्द आणि परत करायचा विसरले. छोट्या प्रवासाचे किती शब्द. जॉन्ट, आऊटिंग, एक्स्कर्शन. धुक्यातून एकेक होडी यावी तसे ते यायचे, तिच्या उशाशी लागायचे, आणि कुणीच उतरायचं नाही.

वीज आली तेव्हा ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात उभी होती. समोर पोफळींच्या फटीत नीराबाईची खिडकी होती, आणि खिडकीत दिवा. भर दुपारी. उन्हात तो दिवा शिळ्या चांदण्यासारखा दिसत होता. निवेदितानं तो पाहिला. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं पाहिला, आणि मनात म्हणाली, काय हा धनेश, दिवा बंद करायचं भान नाही. मग क्षिप्रा कण्हली आणि ती आत गेली.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. क्षिप्रा उठून बसली, आईचं नाक धरलं आणि म्हणाली, "नीया." नीराबाईला ती नीया म्हणायची. घरात एकदम वार आला, तारीख आली, भूक आली. मागच्या दारी हाक ऐकू आली, "मांदेलीऽऽ, ताजी मांदेली!" नीराबाईच्या जागी हल्ली रंगू यायची. कोळीवाड्यातली, चाळिशीची, जीभ आणि सुरी दोन्ही धारदार.

"काय वैनी, डोलं कशे झालंत! चार दिस झोपल्या न्हाय वाटतं?"

"क्षिप्राला ताप होता गं. तुमच्या धनेशला सांग, दिवा बंद करत जा. काल दुपारभर जळत होता."

रंगूचा हात मांदेलीत थांबला. "धनेशला कुठनं सांगू? त्यो ट्रिपला गेलाय."

"आजही?"

"आज म्हंजे? सोमवारपास्नं गेलाय. अजून पाच-सा दिस तरी येनार न्हाय. खोल दर्यात मासली माराया गेलेत, बर्फ भरून, डिझेल भरून. फोन बी लागत न्हाय तिकडं."

 धुक्यातून काहीतरी हळूहळू वर यावं तसं निवेदिताला दिसलं: धनेशच्या पायाशी ठेवलेलं, त्यानं वाकून उचललेलं. गोणी होती. भरलेली गोणी. वीस मिनिटांसाठी कुणी गोणी भरून नेत नाही.

"मग नीरामावशींकडे कोण जातंय?"

"म्हंजे?" रंगू आता पुरती उभी राहिली. "तुमीच ना? धनेशनं आख्ख्या वाड्याला सांगितलंय, वैनी बघनार हायेत. मी काल तिकडनं गेले, दार बंद. म्हटलं, शानी हाय वैनी, म्हातारीला सरल घरीच घेऊन गेली." तिचा आवाज उतरला. "न्हाय नेली?"

निवेदितानं क्षिप्राला कडेवर घेतलं आणि ती चालायला लागली. मग धावायला लागली.

मागच्या दारापासून नीराबाईच्या दारापर्यंत सहा मिनिटं लागतात. लेकीला घेऊन जाताना तिनं ती कितीदा मोजली होती. विहीर, मग रामफळ, मग पाट, मग दगडी गडगा ओलांडला की वाळू, आणि वाळूत ते घर. पण त्या दिवशी वाट लांबत गेली. पोफळी एकीमागून एक येतच राहिल्या, जणू कुणी त्या पुढून उचलून पुन्हा पुढंच रोवत होतं. ऊन कोवळं होतं, पाटाचं पाणी झुळझुळत होतं, खंड्या पक्षी नेहमीच्या फांदीवर नेहमीसारखा बसला होता. सगळं इतकं सुंदर होतं की तिला त्याचा राग आला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिनं लेकीचा एकेक श्वास मोजला होता आणि सहा मिनिटांवरचे चार दिवस मोजले नव्हते. कडेवर क्षिप्रा हात पुढं करून आनंदानं ओरडत होती, "नीया! नीया!"

दार आतून लावलेलं होतं.

"मावशी!" तिनं हाक मारली. खाडीचा आवाज. पुन्हा मारली. मागून धापा टाकत रंगू आली, पाटी टाकून, पण सुरी हातात तशीच. तिनं दाराच्या फटीत सुरीचं पातं सरकवलं, वर केलं, आणि कडी खळकन पडली.

आत दिवा जळत होता. मोरी आणि खाट यांच्या मधे जमिनीवर नीराबाई पडलेली होती, आणि तिच्या अंगावर जाळं होतं. शिवायला म्हणून कोपऱ्यात रचलेलं निळं जाळं तिनं थंडीत हाताला लागेल तसं ओढून घेतलं होतं, थरावर थर, गळ्यापर्यंत. ते घर क्षणभर पाण्याखाली असल्यासारखं वाटलं. तांब्या उपडा होता. वर, भिंतीतल्या उंच फळीवर, चार्जिंगला लावलेला फोन हिरवा ठिपका दाखवत होता.

निवेदितानं क्षिप्राला रंगूच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसली. आधी जाळ्यावर हात ठेवला. वर, खाली. वर, खाली. एवढं तिला येत होतं.

नीराबाईचे डोळे अर्धवट उघडले. ओठ सुकून मिठासारखे झाले होते.

"आला का?" तिनं विचारलं. "धनेशचा बा आला का? संपली ट्रिप?"

निवेदितानं रंगूकडे पाहिलं. रंगूनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "तुकारामदादा. सोला वर्सं झाली. बोट आली, त्यो आला न्हाय."

"मी आहे, मावशी. निवेदिता." तिनं हंड्यातलं पाणी घेतलं आणि चमच्यानं थोडं थोडं पाजायला लागली, तापातल्या लेकीला पाजत होती तसंच, ओठ ओले करत, थांबत. पाचव्या चमच्याला नीराबाईची नजर जागेवर आली. तिनं निवेदिताला ओळखलं. 

"इचारलं न्हायस ना," ती पुटपुटली, "किती दिसांची."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती हसायचा प्रयत्न करत होती.

बुधवारी संध्याकाळी दाराला कडी घालून मोरीत पाय धुताना ती घसरली होती. घोटा मोडला होता. हाका मारल्या, पण भरतीची वेळ, खाडी गरजत होती. माहेराहून हेतलनं फोन केले होते, अकरा वेळा, आणि सासू नेहमीसारखी आवाज बंद करून बसली असणार असं समजून गप्प राहिली होती. अकराही वेळा तो फोन फळीवर उजळला होता आणि नीराबाईनं खालून बघितला होता. "चांदनी लुकलुकावी तसा," असं ती नंतर सांगायची. "लय छान दिसत व्हता गो."

रंगूनं मिनीडोर अडवून आतल्या चौघांना उतरवलं. डॉक्टरांनी पाय प्लास्टरमध्ये घातला, सलाईन लावलं, साखर तपासली आणि निवेदिताला म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं." हे वाक्य बरोबर आठ शब्दांचं होतं. ते तिनं कुठं लिहून ठेवलं नाही, तरी तिच्यापासून ते गेलं नाही.

संध्याकाळी अजेय आला तोवर नीराबाई त्यांच्या मागच्या खोलीत खाटेवर होती. क्षिप्रानं आपली सगळी खेळणी आणून प्लास्टरभोवती मांडली होती. अजेयनं ऐकून घेतलं. मग बायकोला म्हणाला, "तुझी काय चूक? त्यानं सांगायला नको का, आठ-दहा दिवस म्हणून?"

"त्यानं सांगितलं होतं," निवेदिता म्हणाली. "त्याच्या भाषेत पूर्ण सांगितलं होतं."

पुढचे दिवस तरंगत गेले, पण आता ते तरंगणं वेगळं होतं. दुपारी दोघी एका खोलीत निजायच्या, म्हातारी आणि लेक, आणि निवेदिता दारात बसून दोघींचे श्वास मोजायची. नीराबाई टोमणा मारायची संधी सोडत नव्हती. निवेदिता भांड्यात पाणी आणायला उठली की म्हणायची, "ट्रिपला चाललीस? किती दिसांची?" क्षिप्राही शिकली. ती दारातून बाहेर डोकावायची, "टिप!" म्हणायची आणि लगेच आत येऊन नीराबाईच्या कुशीत घुसायची. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पन्नास वेळा.

एका दुपारी निवेदितानं धीर करून विचारलं, "मावशी, तुकारामदादा परत आले नाहीत, तरी तुम्ही ट्रिपच म्हणता?"

नीराबाई आढ्याकडे बघत होती. पोफळींच्या सावल्या तिथं पाण्यासारख्या हलत होत्या.

"मंग काय म्हनू? वाड्यात म्हनतात, गेला. सरकारी कागदावर काय काय म्हनतात. मी म्हनतंय, ट्रिपला गेलाय. तूच सांगितलंस ना तुझ्या डिक्शनरीत काय लिवलंय. जाऊन परत येनं." तिनं मान वळवली. "तेवढं बेस लिवलंय त्यानं. छोटा तेवढं खोडून टाक."

दहाव्या दिवशी धनेश आला. त्याला धक्क्यावरच सगळं कळलं होतं. तसाच आला, मिठानं केस ताठ झालेले, डोळे लाल. आईच्या उशाशी बसला, प्लास्टरवर हात फिरवला. निवेदिता उंबऱ्यात उभी होती. बोलायचं म्हणून तिनं चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विरून गेली.

"मी तुला म्हटलं होतं, जा निवांत," एवढंच ती म्हणाली.

"मी गेलो पन निवांत," धनेश म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "माझं पन चुकलंच, वैनी. आमच्यात कुनी इचारत न्हाय, म्हून सांगायची सवय न्हाय."

"व्हय रे, चुकलंच," नीराबाई खाटेवरून म्हणाली. "आता दोगं रडत बसू नका. मना भूक लागलीय."

त्या दिवशी घरी जाऊन धनेशनं जाळं उचलायच्या आधी, गोणी रिकामी करायच्याही आधी एक काम केलं. विजेचा बोर्ड उंच फळीजवळून काढला आणि खाटेच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर वर बसवला. निवेदिता बघत होती. मग दोघांनी मिळून नीराबाईला तेवढ्यापुरतं खुर्चीतून तिथं आणलं, जमिनीवर बसवलं आणि फोनला हात पोचतो का ते पाहिलं. पोचला.

माघ सरता सरता नीराबाई काठी घेऊन चालायला लागली आणि हट्टानं आपल्या घरी गेली. हेतलला मुलगी झाली होती. महिनाभर तरी ती येणार नव्हती. धनेश पुन्हा निघाला. या खेपेला फाटकाशी ऊन होतं, गोणी स्वच्छ दिसत होती, आणि निवेदितानं तोंड उघडायच्या आत त्यानं दोन्ही हातांची बोटं आणि वर एक अंगठा दाखवला. "अकरा दिसांची, वैनी. बाराव्याला जेवायला हाय." ती रोज दोनदा जायला लागली, सकाळी पाणी भरायला आणि संध्याकाळी कडी आतून घालू नका म्हणून सांगायला. नीराबाई रोज ऐकायची आणि रोज कडी घालायची.

तिसऱ्या दिवशी निवेदिताला मुंबईला जावं लागलं. क्षिप्राच्या कानाच्या डॉक्टरांची तारीख दोन महिन्यांपूर्वी घेतलेली होती. दोनच दिवस. तिनं रंगूला सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि रंगू म्हणाली, "व्हय, व्हय, जावा निवांत." तो शब्द ऐकून निवेदितानं तिसऱ्यांदा सांगितलं.

मांडव्याहून बोट सुटली. पाणी दुधासारखं होतं, किनारा हळूहळू निळा आणि मग नुसताच पुसट झाला. क्षिप्रा तिच्या मांडीवर डुलत होती, ओठ हलवत होती, बहुधा टिप म्हणत असावी. विनिताताईंचा निरोप आला होता: सगळे शब्द आले, एक राहिलाय, आज पाठवा, छपाई थांबलीय. निवेदितानं एका हातानं लेकीला धरलं आणि दुसऱ्या हातानं फोनवर लिहायला घेतलं. बोट डोलत होती, अक्षरं डोलत होती. तिसरं वाक्य दहा शब्दांत बसेना. विनिताताईंना कापायचं तर कापोत, असं म्हणून तिनं ते आहे तसं पाठवून दिलं.

ट्रिप. अर्थ: जाणे आणि परत येणे. किती दिवसांनी, ते जाणाऱ्याला माहीत असते, ऐकणाऱ्याने विचारावे.

वापर:

१. मिनीडोरची ही आजची चौथी ट्रिप.

२. धनेश अकरा दिवसांच्या ट्रिपला गेला आहे, आज तिसरा.

३. मीही दोन दिवस ट्रिपला आहे, म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला विचारते: रेवदंड्यात असाल तर खाडीजवळच्या सुट्या घरात नीराबाई एकट्या आहेत, आणि रेवदंड्यात नसाल तर तुमच्या जवळही असं एखादं घर असेलच, जिथला कुणी ट्रिपला गेला आहे, तिथे आज एकदा जाऊन या, भर दुपारी दिवा जळत नाही ना ते पाहा, हाक मारा, आणि जमिनीवर बसून त्यांचा हात फोनपर्यंत पोचतो का, तेवढं बघा.